रोजची वाटणी

(वाचनाचा भाग : प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६, वचने १ ते ७)



यरुशलेमातील पहिल्या मंडळीची थोरवी आपण उपदेशपीठावरून नेहमी गातो. एकमनाने प्रार्थना करणारी, घरोघरी भाकर मोडणारी, जमीनजुमला विकून गरजवंतांना देणारी ती मंडळी! ही थोरवी खरीच आहे. परंतु जे घडले ते लपवायचे नाही अशी लूकाच्या लेखणीची रीत आहे. सहावा अध्याय उघडावा, तो पहिल्याच वचनात कुरकुर कानी पडते. आणि ती कुरकुर बाप्तिस्मा घेतलेल्यांनी बाप्तिस्मा घेतलेल्यांविरुद्ध केलेली आहे.

कारण काय? तर ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांमधील विधवांकडे रोजच्या वाटणीच्या वेळी दुर्लक्ष होत होते. दूरदूरच्या देशांत आयुष्य काढलेले कित्येक यहूदी उतारवयात पवित्र नगरात येऊन राहत, आणि नवरा वारला म्हणजे त्या बाईला तेथे नातलग कोणी नसे, असे अभ्यासक सांगतात. वाटणी करणारे इब्री, भांडार इब्रींच्या हाती. कोणी दुष्ट बुद्धीने त्या विधवांना वगळले, असे लूक म्हणत नाही. तसे करण्याची गरजही नव्हती. यादी लिहिणाऱ्याला ज्यांची नावे ठाऊक, ज्यांची बोली कळते, ज्यांच्या घरी जाणेयेणे आहे, त्यांची नावे आपोआप वर येतात. उरलेली नावे उद्या लिहू म्हणून राहतात. ज्याने वीस-तीस वर्षे सरकारी कचेरीत काढली आहेत त्याला यापुढे अधिक सांगावयास नको.

ती विधवा दोन प्रकारे परकी होती, हेही ध्यानात घ्यावे. ती स्त्री होती आणि तिची भाषा अल्पसंख्यांची होती.

या वचनाचा विचार करण्यासाठी आज मी आपणांस कावेरीकाठच्या कुंभकोणम् नगरास नेणार आहे. मराठी मासिकात कुंभकोणम् कशाला, असा प्रश्न मनात येईल. उत्तर सोपे आहे. अन्यायाची गोष्ट निघाली म्हणजे आपण, मराठी ख्रिस्ती लोक, सहजच त्या विधवेच्या बाजूला जाऊन उभे राहतो. आपण थोडे, आपली कोणी दाद घेत नाही, हे आपले नेहमीचे गाऱ्हाणे. आणि ते बहुतांशी खरे आहे. परंतु कुंभकोणम् हे असे ठिकाण आहे, की तेथे एके काळी वाटणीची पळी मराठी माणसाच्या हाती होती. तेथून पाहिले म्हणजे वचन निराळे दिसू लागते.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात तंजावरास राज्य स्थापिले. ते १८५५ साली संपुष्टात आले. त्या दीडशेपावणेदोनशे वर्षांत पुष्कळ मराठी घराणी तंजावर व कुंभकोणम् या भागात स्थायिक झाली. त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तिन्ही संस्थानांचे दिवाणपद भूषविलेले सर टी. माधवराव हे १८२८ साली कुंभकोणम् येथेच जन्मले. हिशेब, पत्रव्यवहार, मोडी लिपी आणि पुढे इंग्रजी यांत ही मंडळी तरबेज होती. इंग्रजी अंमल आल्यावरही मद्रास इलाख्याच्या कितीतरी कलेक्टर कचेऱ्यांत शिरस्तेदार देशस्थ मराठी, त्याच्या हाताखालचे कारकून त्याचेच भाचे-पुतणे, आणि महसुली दप्तराची भाषा मराठी, असा प्रकार होता. जमीन कसणारा तमिळ वा तेलुगू, त्याचा सारा लिहिला जाई तो त्याला न कळणाऱ्या भाषेत!

अखेरीस १८५४ साली मद्रासच्या महसूल मंडळाने एक स्थायी हुकूम काढला. त्याचा क्रमांक १२८. जिल्ह्यातील नेमणुका थोड्या वजनदार कुटुंबांची मिरासदारी होऊ देऊ नयेत, मुख्य जागा निरनिराळ्या जातींत विभागल्या जाव्यात, असे कलेक्टरांना बजावण्यात आले. प्रतिनिधित्वाची मागणी पुढे विसाव्या शतकात मोठ्या आवाजात झाली. पण सरकारी कागदावर तिचे बीज येथे दिसते. त्या बीजाला कारण झालेल्यांत आपले भाऊबंद होते, हे वाचून मला प्रथम थोडे हसू आले आणि मग आले नाही.

हे हुशार, मेहनती, बहुधा देवभीरू लोक होते. आपण कोणावर अन्याय करीत आहो असे त्यांपैकी एकालाही वाटले नसेल. भाच्याला चिकटवून देणे हे तर कुटुंबवत्सलतेचे लक्षण! यरुशलेमातील इब्री वाटपेही असेच असतील.

आता याच प्रदेशातील दुसरी गोष्ट. तंजावरचे राजे तुळजाजी यांनी आपला दत्तक पुत्र सरफोजी याचा सांभाळ जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्यावर सोपविला होता. राजा हिंदू, पालक ख्रिस्ती. आणि त्या पालकाने शिष्याचा धर्म न बदलता त्याला वाढविले. श्वार्ट्झ १७९८ साली प्रभूकडे गेले. पुढे सरफोजी राजांनी त्यांचे संगमरवरी स्मारक तंजावरच्या मंदिरात उभारविले. १८२६ च्या ईस्टरच्या सुमारास कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरास आले. त्यांना तेथे एक विलक्षण गोष्ट कळली, आणि त्यांनी ती पत्रात लिहून ठेवली. राजाच्या अमलात ख्रिस्ती मनुष्याला सरकारी चाकरी मिळू शकत असे. इंग्रजांचा अंमल आल्यावर मात्र ती दारे त्याला बंद झाली होती. मद्रास इलाख्याच्या १८१६ च्या एका कायद्यात जिल्हा मुन्सफ हा हिंदू किंवा मुसलमान असला पाहिजे असे स्पष्ट लिहिले होते. स्वतःला ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राज्यकर्त्यांनी ख्रिस्ती प्रजेलाच दाराबाहेर ठेवले. आपण धर्म वाढविण्यास आलो आहो असा संशय येऊ नये, व्यापाराला व शांततेला धक्का लागू नये, ही त्यामागची चिंता. हे पत्र लिहिल्यावर थोड्याच दिवसांत, ३ एप्रिल १८२६ रोजी, हेबर यांचे त्रिचनापल्लीस अकस्मात निधन झाले.

त्याच १८२६ साली त्रिचनापल्लीजवळ एका रोमन कॅथलिक घरात वेदनायकम् पिळ्ळै यांचा जन्म झाला. मधल्या काळात १८३३ च्या सनदी कायद्याने धर्म, जन्मस्थान, वंश वा वर्ण या कारणास्तव कोणासही कंपनीच्या नोकरीस अपात्र ठरवू नये असे ठरविले. जी जागा कायद्याने ख्रिस्ती मनुष्याला बंद होती, त्याच मुन्सफाच्या जागेवर हे वेदनायकम् पिळ्ळै कुंभकोणम्‌च्या शेजारच्या मायवरम् येथे बसले. तमिळ भाषेतील पहिली कादंबरी १८७९ साली प्रसिद्ध झाली. तिचे कर्ते तेच. स्त्रीशिक्षणासाठी त्यांनी गद्यात व पद्यात हिरिरीने लिहिले. जो स्वतः बंद दारातून आत आला त्याने आणखी कोणासाठी तरी दार धरून ठेवले. वाचकहो, हे मी मुद्दाम सांगत आहे, कारण असे फार थोड्यांनी केले.

बहुतेकांनी काय केले? ज्या तंजावरी ख्रिस्ती लोकांची बाजू हेबर मांडीत होते, त्यांच्याच मंदिरात उच्च जातीचे ख्रिस्ती एका बाजूला व परैयर ख्रिस्ती दुसऱ्या बाजूला बसत. प्रभूच्या मेजाशीही आधी कोण व मागून कोण हे जातीवरून ठरे. १८३३ साली, म्हणजे सनदी कायद्याच्याच वर्षी, बिशप डॅनिएल विल्सन यांनी दक्षिणेतील मंडळ्यांना पत्र लिहून हा जातिभेद तत्काळ आणि कायमचा टाकून द्यावा असे फर्माविले. ते पत्र वाचून दाखविल्यावर मद्रासेत व तंजावरात पुष्कळांनी मंडळी सोडली. पण आपली बसण्याची जागा सोडली नाही. सरकारने आम्हांला धर्मावरून वगळू नये अशी ज्यांची न्याय्य मागणी, तेच देवाच्या घरात आपल्या भावाला जन्मावरून वगळीत होते.

या दोन गोष्टी एका वर्षी, एका गावी घडल्या. त्यांपैकी पहिलीच सांगावी आणि दुसरी वगळावी असा मोह होतो. आपल्या मासिकांतून तो मोह पुष्कळदा जिंकतो.

पुढचे थोडक्यात सांगतो. १९२७ साली मद्रास सरकारने नोकऱ्यांची वाटणी करणारा हुकूम अमलात आणला. दर बारा जागांपैकी पाच ब्राह्मणेतर हिंदूंना, दोन ब्राह्मणांना, दोन मुसलमानांना, दोन अँग्लो-इंडियन व ख्रिस्ती लोकांना आणि एक दलितवर्गास. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरविली, आणि मग घटनेत पहिली दुरुस्ती होऊन आरक्षणाला नवा आधार मिळाला. या वाटणीच्या योग्यायोग्यतेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला एकच गोष्ट दिसते. बारा भाग केले, एकेका समाजाला मोजून दिले, आणि त्यांत स्त्रीचा भाग कोणालाच आठवला नाही.

तिचे पुढे काय झाले? त्याच मद्रास राज्यात, त्याच १९५१ साली, अन्ना राजम् जॉर्ज ही केरळातील सीरियन ख्रिस्ती घराण्यातील तरुणी भारतीय प्रशासकीय सेवेत निवडली गेली. या सेवेतील ही पहिली स्त्री. मुलाखत मंडळाने तिला सुचविले, की परराष्ट्र सेवा वा दुसरी एखादी केंद्रीय सेवा घ्यावी, स्त्रियांना ती अधिक बरी. तिने नाकारले व मद्रास राज्य मागितले. नेमणुकीच्या कागदावर अट होती : लग्न केल्यास सेवा समाप्त होईल. मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांचे मत जिल्ह्याच्या कारभारात स्त्री नको असे होते; तिला सचिवालयात काम देण्याचा त्यांचा विचार. तिने आग्रह धरला, की मी घोड्यावर बसणे, बंदूक चालविणे हे सर्व शिक्षण पुरुषांबरोबर घेतले आहे, मला जिल्ह्यातच काम द्यावे. शेवटी होसूर येथे उपजिल्हाधिकारी म्हणून नेमणूक झाली. तेथे रानहत्ती गावात शिरले असता हाताखालच्यांनी गोळ्या घालण्याचा सल्ला दिला. तिने तो मानला नाही आणि हत्तींना युक्तीने परत रानात घालविले. पुढे याच अन्ना राजम् मल्होत्रा आपल्या न्हावा-शेवा बंदराच्या अध्यक्ष झाल्या. १९८९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, आणि २०१८ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईत देह ठेवला. उरणच्या रस्त्याने जाताना त्या बंदराकडे पाहून कोणाला त्यांची आठवण होते की नाही, देव जाणे.

लग्नाची ती अट एका बाईपुरती नव्हती. प्रशासकीय सेवेच्या १९५४ च्या नियमांत ती छापील होती, आणि १९७२ साली निघाली. परराष्ट्र सेवेत तर लग्नापूर्वी सरकारची लेखी परवानगी लागे. त्या सेवेतील पहिल्या स्त्री अधिकारी सी. बी. मुत्तम्मा यांना वरची बढती नाकारण्यात आली, तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. खटला चालू असतानाच सरकारने बढती देऊन टाकली, म्हणून अर्ज निकालात निघाला. परंतु १७ सप्टेंबर १९७९ च्या निकालपत्रात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या नियमांतील भेदभावावर कडक ताशेरे ओढले. संसार स्त्रीच्या कामाच्या आड येत असेल तर पुरुषाच्या का येणार नाही, असा त्यांचा साधा प्रश्न होता. दोन वर्षांनी, १९८१ साली, एअर इंडियाच्या हवाई सेविकांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने पहिल्या गरोदरपणीच नोकरी संपविणारा नियम रद्द केला. एअर इंडिया तेव्हा सरकारी होती व तिचे मुख्य ठाणे मुंबईत होते. आणि गरोदरपण हा कामावरून काढण्याजोगा अपराध होता!

या भगिनींची आठवण झाली की मला गणना पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय आठवतो. सलाफहादाच्या पाच मुली मोशेसमोर, याजकासमोर आणि साऱ्या मंडळीसमोर दर्शनमंडपाच्या दाराशी उभ्या राहिल्या. बापाला मुलगा नव्हता एवढ्यावरून आमचा वाटा का जावा, असे त्यांनी विचारले. मोशेने त्यांना गप्प केले नाही. त्याने ते प्रकरण परमेश्वरापुढे नेले; आणि परमेश्वराने मुलींचे म्हणणे योग्य ठरवून नियमच बदलला. ज्याला देवाने दिलेला नियमही एका अर्जावरून बदललेला चालतो, त्याच्या भक्तांना कचेरीचे परिपत्रक अढळ वाटावे, याचा अर्थ मला लागत नाही.

आता आपल्याकडे येऊ.

आपल्या मंडळीत एखादी तरी भगिनी शासकीय रुग्णालयात परिचारिका असेल. मराठी ख्रिस्ती स्त्रियांनी हे सेवाक्षेत्र कित्येक पिढ्या सांभाळले आहे. तिला विचारा, की शुभ शुक्रवारची सुटी मागितली म्हणजे काय ऐकावे लागते. विचारा, की गोपनीय अहवालात लिहिलेले एखादे वाक्य बढतीच्या वेळी कसे पुढे येते. तक्रार केली तर बदली कोणाची होते. तोंडावर शिवी बहुधा कोणी देत नाही. फक्त प्रशिक्षणाच्या यादीत नाव राहून जाते, रात्रपाळी सलग येते, आणि चहाच्या वेळी बोलणे थांबते. ती घरी येते आणि सांगत नाही. कारण सांगितले तर आपणच तिला म्हणतो, सहन कर, क्रूस वाहा.

मी येथे स्पष्ट बोलू इच्छितो. दुसऱ्याच्या खांद्यावर क्रूस ठेवून त्याला धीराचा उपदेश करणे हे प्रभूचे अनुकरण नव्हे. क्रूस प्रभूने स्वतः उचलला. पौलाला फटके मारण्यासाठी बांधले, तेव्हा त्याने आपल्या रोमी नागरिकत्वाचा प्रश्न शताधिपतीला तेथेच विचारला. दानीएलाच्या कामात त्याच्या सहकाऱ्यांना खोट सापडली नाही, म्हणून त्यांनी त्याच्या प्रार्थनेत ती शोधली. आणि दानीएलाने खिडकी बंद केली नाही. यरुशलेमातील ती कुरकुर तर पवित्र शास्त्रात लिहिली गेली आणि प्रेषितांनी तिच्यावर सभा बोलाविली. अरण्यातील कुरकुरीला देवाने शिक्षा केली हे खरे. परंतु ती मिसराच्या मांसाच्या हंड्यांसाठी होती. विधवेच्या भाकरीसाठी झालेल्या कुरकुरीला शिक्षा झाल्याचे कोठे आढळत नाही.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. आपल्यांतील कित्येक बांधवांना दोन नावे आहेत : एक मंडळीच्या नोंदवहीतले, एक शाळेच्या दाखल्यावरचे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध बांधवांना तो मिळाला. ख्रिस्ती व मुसलमान बाहेर राहिले. बाप्तिस्म्याने पाप धुतले जाते, परंतु गावाच्या नजरेतील जात धुतली जात नाही, हे ठाऊक असूनही कायदा त्याला म्हणतो, तू आता त्यांतला नाहीस. मग तो दाखल्यावर जुने लिहून नोकरीला लागतो आणि रविवारी मागच्या बाकावर बसतो. त्याच्याकडे बोट दाखविण्याआधी एक खटला ऐका.

१९८२ साली तमिळनाडू सरकारने रस्त्याच्या कडेला बसून जोडे शिवणाऱ्यांना फुकट टपऱ्या देण्याची योजना काढली. मद्रासेतील सूसै नावाच्या चांभार कारागिराला ती मिळाली नाही, कारण तो ख्रिस्ती होता. सूसै हे योसेफाचे तमिळ रूप. काम तेच, रस्ता तोच, ऊन तेच, धर्म निराळा. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८५ साली हरला. न्यायालयाचे म्हणणे असे होते, की ख्रिस्ती झाल्यावरही जातीचे ते जुने दुःख तितक्याच तीव्रतेने ख्रिस्ती समाजात टिकून आहे, याचा पुरेसा पुरावा पुढे आलेला नाही.

वाचकहो, पुरावा नव्हता काय? तो आमच्या मंदिरांच्या बाकांवर होता, आमच्या दफनभूमीच्या भिंतींत होता, लग्न जुळविताना आम्ही हळूच विचारतो त्या प्रश्नात होता. तो पुढे आला नाही, कारण तो दाखवायला आम्हांला लाज वाटली. त्या लाजेची किंमत एका चांभाराने आपली टपरी देऊन भरली.

आणि आता पुन्हा कुंभकोणम्. १८९९ साली तेथे कॅथलिक धर्मप्रांत स्थापन झाला. त्या धर्मप्रांतात, तिरुचिरापल्ली जिल्ह्यात, कोट्टपाळैयम् नावाचे गाव आहे. तेथील दलित ख्रिस्ती बांधवांनी न्यायालयात धाव घेतली. आपल्याला धर्मग्रामाच्या कारभारात घेत नाहीत, सणाच्या उत्सवात बरोबरीने सामील करीत नाहीत, मृत्यूनंतरही वेगळे ठेवतात, असे त्यांचे म्हणणे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अर्जावर संबंधितांना नोटिसा काढल्या. धर्मप्रांताची बाजू ऐकल्याशिवाय निवाडा करणे उचित नाही आणि मीही तो करीत नाही. शिवाय त्यांना नावे ठेवून आपली सुटका होईल अशी आशा प्रॉटेस्टंट वाचकांनी बाळगू नये. विल्सन यांचे पत्र कोणाला लिहिले होते ते वर सांगितलेच आहे. मी एवढेच पाहतो, की चाळीस वर्षांपूर्वी जो पुरावा मागितला होता, त्या जातीचा एक अर्ज अखेर मंडळीच्या आतून न्यायालयाच्या मेजावर आला. आणि तो पीडितांना स्वतःच न्यावा लागला.

तर मग प्रेषितांनी काय केले ते पाहू. त्यांनी विधवांना धीराचे प्रवचन दिले नाही. इब्री वाटप्यांना अधिक प्रेमळ व्हा असेही सांगून ते थांबले नाहीत. सात माणसे निवडा म्हणाले, आणि मंडळीने निवडली. त्यांची नावे वाचा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. सातवा तर जन्माने यहूदीही नव्हता. अंत्युखियाहून येऊन त्याने तो धर्म स्वीकारला होता. कुरकुर ज्या बाजूने आली त्या बाजूच्या हाती भांडाराची किल्ली दिली गेली, आणि इब्री विधवांचे आता कसे होईल अशी शंका कोणी काढल्याचे लूक लिहीत नाही. प्रेषितांना ही गोष्ट सोपी गेली असेल असे मला वाटत नाही. काल ज्यांनी आपल्यावर ठपका ठेवला त्यांच्या हाती आज पैसा द्यायचा! तरी त्यांनी हात ठेवून प्रार्थना केली. आणि मग वचन पसरत गेले, याजकवर्गातील पुष्कळ लोकही विश्वासाला मान देऊ लागले, असे लगेच पुढच्या ओळीत येते.

आपल्या पाळकीय समितीत लिहिणारा कोण आहे? मिशनच्या शाळेत पंचवीस वर्षे शिकविलेल्या बाईंना डावलून मुख्याध्यापकाची खुर्ची कोणाच्या जावयाला मिळाली? नोकरीच्या ठिकाणी स्त्रियांच्या छळाविरुद्ध १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने जे नियम घालून दिले, त्यांना निमित्त झाली राजस्थान सरकारच्या महिला विकास योजनेत काम करणारी भंवरीदेवी. सरकारचे काम करताना, बालविवाह रोखताना तिच्यावर अत्याचार झाला, आणि तिची जबाबदारी घ्यायला मालक म्हणून कोणी पुढे आले नाही. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा वा अधिक माणसे कामावर असलेल्या प्रत्येक संस्थेत तक्रार समिती हवी, तिची अध्यक्ष स्त्री हवी, निम्म्या सभासद स्त्रिया हव्यात. आपल्या रुग्णालयात ती आहे काय? असली तर तिची सभा शेवटी केव्हा भरली? शासनाकडे मागणीपत्र घेऊन जाण्याआधी ही वही उघडून पाहण्यास अर्धा तास पुरेल.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. ते सातही जण पुरुष होते. ज्यांच्या भाकरीची गोष्ट, त्या विधवांपैकी एकीलाही वाटणीवर नेमले नाही, आणि त्या काय म्हणाल्या हेही लूकाने येथे लिहिलेले नाही. सहाव्या अध्यायात त्या गप्प आहेत.

परंतु नवव्या अध्यायात यापो नगरी त्या पुन्हा भेटतात. यरुशलेमातल्या त्याच असतील असे नव्हे, पण विधवाच. तेथे टबीथा नावाची एक बाई होती, तिलाच दुर्कस म्हणत. तिला लूकाने शिष्या म्हटले आहे. मूळ ग्रीक नव्या करारात हा शब्द स्त्रीलिंगी रूपात या एकाच ठिकाणी येतो. ती स्वतः कपडे शिवी आणि स्वतः वाटी. कोणी समिती नेमली नव्हती. ती मरण पावली, पेत्राला बोलावणे गेले, आणि तो माडीवर आला तेव्हा साऱ्या विधवा त्याच्याभोवती उभ्या राहिल्या. त्या रडत होत्या, आणि टबीथेने त्यांच्यासाठी केलेले अंगरखे व वस्त्रे एकेक पुढे करून त्याला दाखवीत होत्या. पेत्राने त्यांचे सर्व पाहून घेतले. मग त्याने खोली रिकामी केली आणि गुडघे टेकले.